तो टीबी नव्हताच

आईशी खोटं बोलणं फार सोपं असतं. ती उलटतपासणी घेत नाही. 'रिलीज आहे गं', 'बॉस सुट्टी देत नाही', 'चिऊला सर्दी झालीय'... २०२२ च्या पहिल्या सहा महिन्यांत ही तिन्ही कारणं मी आलटून पालटून वापरली. खरं कारण एकच होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं. तिकडे गोंदियात माझ्या आईला टीबी झाला होता आणि इकडे पुण्यात माझी मुलगी दीड वर्षांची होती.

म्हणजे, टीबी झालाय असं आम्हाला सांगण्यात आलं होतं.

गोंदिया म्हटलं की ऑफिसमध्ये हमखास कुणीतरी विचारतं, 'छत्तीसगडमध्ये ना?' नाही हो! महाराष्ट्रातच. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा निघालेला जिल्हा. राइस मिल, तलाव आणि हिवाळ्यात कडाक्याची थंडी. पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं जवळजवळ अख्खा दिवस लागतो. एवढं अंतर असलं की कारणं देणंही सोपं जातं.

आईचा खोकला २०२१ च्या दिवाळीत सुरू झाला. कोविडचे दिवस. खोकणाऱ्या माणसाकडे लोक चोर पकडल्यासारखे बघायचे. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती, नुकतीच रिटायर झालेली. उंच, काटकुळी, आयुष्यभर ४५ किलोच्या वर न गेलेली. चारचौघांत खोकणं तिला फार लाजिरवाणं वाटायचं. पदर तोंडावर दाबून आतल्या आत खोकला गिळायची. कोविडची टेस्ट दोनदा निगेटिव्ह आली. वजन मात्र उतरत चाललं. संध्याकाळी कणकण. मग एका खासगी डॉक्टरांनी थुंकीची तपासणी सांगितली आणि रिपोर्ट आला : 'एएफबी टू प्लस'. डॉक्टर म्हणाले, टीबी. एकेटी सुरू करा.

एकेटी म्हणजे टीबीच्या गोळ्यांचा कोर्स. विदर्भात हे तीन अक्षरी नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. टीबीची नोंद सरकारकडे करणं २०१२ पासून सक्तीचं आहे, त्यामुळे आईचीही झाली. पोषण आहाराचे महिन्याला ५०० रुपये तिच्या खात्यात येऊ लागले. आशाताई चौकशीला घरी येऊन गेल्या आणि अर्थात त्याच दिवशी गल्लीलाही कळलं.

त्या आठवड्यात आईनं एक गोष्ट केली. माझं लग्नाआधीचं, सुकत आलेलं लाल नेलपेंट कपाटात पडलं होतं. ते काढून तिनं स्वतःच्या स्टीलच्या ग्लासवर, ताटावर आणि वाटीवर एकेक ठिपका दिला. ही भांडी वेगळी. घासायची वेगळी, ठेवायची वेगळी. बाबांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हटलं, 'बरं केलं.' हो, मी, एमसीए झालेली, टीबी भांड्यांतून पसरत नाही, हवेतून पसरतो हे माहीत असलेली बाई 'बरं केलं' म्हणाले.

पहिले दोन महिने आईला जरा बरं वाटलं. (हे का, ते पुढे कळलं.) मग गाडी अडली. पाचव्या महिन्यात पुन्हा थुंकी तपासली, पुन्हा 'एएफबी' पॉझिटिव्ह. आता घरात नवीन शब्द आला : एमडीआर. औषधांना दाद न देणारा टीबी. रात्री चिऊला झोपवून मी मोबाइलवर एमडीआर वाचत बसायचे आणि नवऱ्याला काहीच सांगायचे नाही. तो साताऱ्याचा, शांत माणूस. एकदा एवढंच म्हणाला, 'अगं, तू एकटी तरी जाऊन ये.' मी मांजरीसारखी अंगावर गेले त्याच्या. कारण मुद्दा तोच होता. एकटी जाऊन आले, तरी परत येऊन चिऊला जवळ घ्यायचंच होतं ना.

शेवटी बाबा आईला नागपूरला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी आधी जनुकीय टेस्ट करायला सांगितली. सीबीनॅट म्हणतात तिला. थुंकीत टीबीच्या जंतूचा डीएनए आहे का, हे ती दोन-एक तासांत शोधते आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतोय का तेही सांगते. खरं तर ही टेस्ट पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. असो. रिपोर्टवर लिहिलं होतं, टीबीचा जंतू आढळला नाही.

आम्ही चक्रावलो. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतोय, भरपूर दिसतोय, आणि ही टेस्ट म्हणते तो नाहीच!

डॉक्टरांनी स्पीकरवर मला समजावलं ते असं. थुंकीची काचपट्टी लाल रंगात बुडवून तापवतात, मग आम्लानं धुतात. बाकीच्या जंतूंचा रंग धुऊन जातो. टीबीच्या जंतूच्या अंगावर मेणासारखं कवच असतं, त्यामुळे तो रंग सोडत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात. 'एएफबी' म्हणजे एवढंच : आम्लालाही न बधणारी लाल काडी. पण हे मेणाचं कवच काही एकट्या टीबीचं नाही. मायकोबॅक्टेरियम नावाच्या अख्ख्या खानदानाचं आहे. त्यात टीबी आहे, कुष्ठरोग आहे आणि शिवाय जवळपास दोनशे चुलतभावंडं आहेत. काचपट्टीवर सगळे सारखेच. या चुलतभावंडांना मिळून एनटीएम म्हणतात, म्हणजे टीबी आणि कुष्ठरोग सोडून उरलेले. हे आडनाव म्हणजे 'जोशी नसलेले' असं झालं. पण तेच रूढ आहे.

मी एकच प्रश्न विचारला. 'डॉक्टर, हा पसरतो का?'

'घरातल्या माणसांना? नाही. हा माणसाकडून नाही, माती-पाण्याकडून येतो.' सिस्टिक फायब्रोसिसच्या काही पेशंटांत यातली एक जात एकमेकांना लागल्याचा संशय आहे, तेवढा अपवाद त्यांनी सांगितला. 'तुमच्या मुलीला आजीजवळ खुशाल बसू द्या.'

मी फोन ठेवला आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. आनंदानं नव्हे हं. सहा महिने! त्या सहा महिन्यांत चिऊ धावायला लागली, 'आज्जी' म्हणायला लागली, ते सगळं आईनं पाच इंची स्क्रीनवर बघितलं होतं.

आता हे वाचून 'खोकला आला की एनटीएम' असं डोक्यात घेऊ नका प्लीज. आपल्या देशात आधी टीबीच शोधायचा असतो, तोच कितीतरी पटींनी जास्त. आणि आईचाही निकाल त्या फोनवर लागला नव्हता. कल्चर करावं लागलं. थुंकीतला जंतू प्रयोगशाळेत वाढवायचा. तो इतका आळशी की सहा सहा आठवडे वाट बघायची. जंतू वाढला की तो टीबीचा की दुसरा, हे एका पट्टीवर पंधरा मिनिटांत कळतं. नेमकी जात कळायला पुन्हा वेगळी टेस्ट. आणि एक कल्चर पुरत नाही, वेगवेगळ्या दिवशीची दोन लागतात. का, तर हे जंतू नळाच्या पाण्यातसुद्धा असतात. नमुना द्यायच्या आधी साध्या पाण्यानं चूळ भरली तरी एखादा फुकटचा प्रवासी डबीत शिरू शकतो. दोन कल्चर, सीटी स्कॅनमधल्या खुणा आणि पेशंटची लक्षणं, हे सगळं जुळलं तरच आजार म्हणायचा. तोवर ऑगस्ट संपला. जातीचं नाव आलं : मायकोबॅक्टेरियम इंट्रासेल्युलेर. एव्हियम नावाच्या सख्ख्या भावाबरोबर याचा संसार, दोघांना मिळून मॅक म्हणतात.

दरम्यान मी वाचत सुटले होते. टेस्टिंगमध्ये काम करते, बग कुठून आला हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि शोधता शोधता पोचले कुठे, तर वर्ध्याला! सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतल्या डॉ. राहुल नारंग, डॉ. प्रतिभा नारंग आणि सहकाऱ्यांनी मध्य भारतातलं पाणी आणि माती तपासून त्यातून हे एनटीएम वेगळे काढले होते. पेपर २००९ चा. म्हणजे आपल्या विदर्भाच्या माती-पाण्यात हे राहतात हे कागदावर आलेलं होतं, फक्त ते आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आई लहानपणी माजी मालगुजारी तलावात पोहलेली, शाळा सांभाळून रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत चिखलात उभी राहिलेली. मी डॉक्टरांना विचारलं, तिथूनच आला असेल का? ते हसले. 'तुम्ही, मी, सगळेच रोज याला भेटतो. प्रश्न तो कुठून आला हा नाही, तो आईंच्या छातीत राहिला का, हा आहे.' सीटीमध्ये आईच्या श्वासनळ्या काही ठिकाणी सैल, रुंद झालेल्या दिसल्या. लहानपणच्या एखाद्या आजारानं असेल. तिथे कफ साचतो आणि जंतूला जागा मिळते.

त्याच वर्षीचा, २००९ चाच, एक अमेरिकन पेपर वाचला आणि स्वतःच्या बाथरूमची भीती बसली. कोलोरॅडोच्या शास्त्रज्ञांनी नऊ शहरांतले ४५ शॉवर उघडून आतला बुळबुळीत थर तपासला. त्यातल्या कित्येकांत मायकोबॅक्टेरियम, आणि पाण्यात असतो त्याच्या शंभरपटीहून जास्त दाटीनं. क्लोरिनला हे लोक भीक घालत नाहीत, मेणाचं कवच आहे ना. फ्लॅट घेताना बिल्डरनं 'लक्झरी' म्हणून दिलेल्या रेन शॉवरखाली मी आठवडाभर डोळे मिटून, श्वास रोखून आंघोळ केली. मग कंटाळा आला. निरोगी फुप्फुसाला याची फारशी पर्वा करायचं कारण नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. आणि गंमत बघा, आई आयुष्यभर बादली आणि मगवाली!

आणखी एक पान सापडलं, ते मात्र मी प्रिंट काढून ठेवलंय. १९९२ साली दोन अमेरिकन डॉक्टरांनी लिहिलं की काटकुळ्या, वयस्कर, फुप्फुसाचा आधीचा आजार नसलेल्या बायकांना मॅकचा आजार एका ठरावीक जागी होतो आणि तो कदाचित खोकला दाबून ठेवल्यामुळे होत असावा. सभ्य बायका चारचौघांत खोकत नाहीत म्हणून! त्याला त्यांनी ऑस्कर वाइल्डच्या नाटकावरून 'लेडी विंडरमियर' असं नाव दिलं. नाटकातली ती बाई अजिबात खोकत नाही, हे नंतर लोकांनी दाखवून दिलं. खोकला दाबण्याची ती कल्पनाही काही सिद्ध झालेली नाही. उंच, सडपातळ बायकांत हा आजार जास्त दिसतो एवढं मात्र पुढच्या अभ्यासांतही आलंय. मला हे सगळं कळतं. तरी पदर तोंडावर दाबलेली आई डोळ्यांपुढून हलत नाही.

वाचता वाचता एक मुंबईची गोष्टही हाती लागली, आणि आईच्या आजाराचा राग जरासा उतरला. १९५८ साली परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर या तिघांनी कुष्ठरोग्याच्या शरीरातून एक जंतू वाढवला. (कमल रणदिवे म्हणजे आपल्या पुण्याच्या, पुढे पद्मभूषण मिळालेल्या.) पुढे कळलं की तो जंतू मॅकच्याच घराण्यातला आहे. त्याला मारून डॉ. माधव देव यांनी कुष्ठरोगाची लस बनवली. दक्षिण भारतात एक लाख ७१ हजारांवर लोकांमध्ये चार लशींची तुलना झाली, तिचे निकाल १९९८ साली आले. मुंबईच्या या लशीनं सुमारे ६५ टक्के संरक्षण दिलं होतं. आईला फोनवर सांगितलं, 'अगं, तुझ्या जंतूच्या भावकीतल्या एकाची लस केली होती.' ती म्हणाली, 'मग माझ्यावाला काहून असा निघाला वं?'

असो. औषधांवर येते. सगळ्यांना लगेच औषध देत नाहीत, काहींवर नुसतं लक्ष ठेवतात. पण आईची काचपट्टी पॉझिटिव्ह, वजन उतरलेलं. अमेरिका-युरोपच्या चार संस्थांनी मिळून २०२० मध्ये जे नियम काढले त्यांप्रमाणे तिघांची टीम ठरली : अॅझिथ्रोमायसिन, रिफाम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल. यातली शेवटची दोन आधीच्या एकेटीतही होती. म्हणून पहिले दोन महिने बरं वाटलं होतं! मुख्य खेळाडू अॅझिथ्रोच संघात नव्हता. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी बडीशेपेसारखी खाल्ली तीच गोळी. आईला सोमवार, बुधवार, शुक्रवार. किती दिवस? तर कल्चर निगेटिव्ह आल्यापासून पुढे १२ महिने. म्हणजे घड्याळ सुरूच व्हायचं होतं.

गोंदियाचा मेडिकलवाला एवढ्या अॅझिथ्रो बघून बाबांना म्हणाला, 'काका, दुकान टाकता काय?' टीबीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, या आमच्या खिशातून. पोषणाचे ५०० रुपयेही बंद झाले. आईला काळजी ही, की आधीचे परत द्यावे लागतील का! टीबीसारखी एनटीएमची सक्तीची नोंद नाही. आई एका यादीतून निघाली ती दुसऱ्या कुठल्याच यादीत गेली नाही. आणि जो आजार मोजला जात नाही, त्याच्या औषधासाठी आणि संशोधनासाठी भांडणार कोण? याचा मला अजून राग येतो.

इथॅम्ब्युटॉलनं डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो, आधी रंगांचा घोळ होतो, विशेषतः लाल-हिरवा. डोळ्यांची तपासणी नियमित होतीच. शिवाय आईनं स्वतःची पद्धत काढली. शिलाईच्या डब्यातली लाल आणि हिरवी दोऱ्याची रिळं दर रविवारी एकेक डोळा झाकून बघायची आणि मला रिपोर्ट द्यायची. 'डावा ओके, उजवा ओके.' आमच्या ऑफिसातलं स्टेटस रिपोर्टिंग याच्यापुढे काहीच नाही.

चिऊला घेऊन मी गेले ते सप्टेंबरात. स्टेशनवर बाबा. घरी पोचलो तर आई आतल्या खोलीच्या दारात मास्क लावून उभी. चिऊ धावत गेली तशी ती दोन पावलं मागे सरकली. 'आई, डॉक्टरांनी सांगितलंय ना!' 'सांगितलं न. पहिल्या डॉक्टरनं पण सांगतलंच होतं.' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहिला डॉक्टर चुकला, तर दुसराही चुकू शकतोच की. ती बिचारी दोन दिवस दुरूनच गोष्टी सांगत राहिली.

तिसऱ्या रात्री गच्चीवर आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, 'आई, मी मुद्दामच येत नव्हते गं.' खूप तयारी करून म्हटलं होतं.

'माहीत हाय न माय,' ती म्हणाली. 'गाडी फुल हाय म्हणाली होती न तू मार्चमधे? शेजारच्या पोराले मी मोबाइलवर पाह्यला लावलं. बर्थ खालीच होत्या.' मग थोडा वेळ खोकली. पदर न लावता. 'बरं केलं. मीच सांगणार होती, नको आणू म्हणून.'

२०२३ च्या एप्रिलमध्ये पहिलं निगेटिव्ह कल्चर आलं, त्याच्यामागून आणखी दोन. बाबांनी कालनिर्णयवर त्या दिवसापासून १२ महिने मोजून खूण केली. मधे उलट्या झाल्या, कानात आवाज यायला लागला म्हणून अॅझिथ्रोचा डोस बदलला, एकदा तर 'बस्स झालं आता' म्हणून तिनं एक अख्खा आठवडा गोळ्या लपवल्या. २०२४ च्या एप्रिलमध्ये गोळ्या थांबल्या. तिला चांगला जंतू लागला होता म्हणायचं. याच खानदानात अॅबसेसस म्हणून एक आहे, त्याच्यावर गोळ्या जवळपास चालतच नाहीत. महिनोन् महिने इंजेक्शनं, सलाइन. ऑपरेशनच्या टाक्यांत शिरतो तेव्हा जखम महिनोन् महिने वाहत राहते.

त्या अॅबसेससवरची एक बातमी आईची आवडती आहे. ब्रिटनमधल्या पंधरा वर्षांच्या एका मुलीला फुप्फुसं बदलल्यावर तो अंगभर पसरला होता, सगळी औषधं हरली होती. तेव्हा अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे ग्रॅहम हॅटफुल यांनी त्यांच्या संग्रहातले तीन विषाणू तिला दिले, असे विषाणू जे फक्त जंतूंनाच खातात. तिच्या जखमा भरू लागल्या. पूर्ण बरी झाली नाही, पण घरी गेली. हे २०१९ मध्ये छापून आलं. पुढे २० पेशंटांवर असा प्रयोग झाला, त्यातल्या ११ जणांना फायदा दिसला. त्या तिघांतला एक विषाणू सापडला होता दक्षिण आफ्रिकेत, एका कुजलेल्या वांग्यावर! वांग्याच्या भाजीशिवाय विदर्भात पंगत उठत नाही. आई आता भाजी निवडताना किडकं वांगं निघालं की म्हणते, 'ठेव बाजूला, कोनाच्या कामी येईन.'

आजार परत येऊ शकतो. बऱ्याचदा जुना उलटत नाही, त्याच माती-पाण्यातून नवा येतो. म्हणून दर काही महिन्यांनी थुंकीची डबी नागपूरला जाते आणि सहा आठवडे आमच्या घरात कुणी त्याविषयी बोलत नाही. या वेळची मागच्या सोमवारी गेलीय.

नेलपेंटचे ठिपके काही निघत नाहीत. रिमूव्हर लावून बघितलं, थोडा रंग राहिलाच. दिवाळीत गेलो तेव्हा चिऊनं रॅकमधून नेमका तोच ग्लास उचलला, कारण त्याला 'टिकली' आहे. आई बघत होती. काही बोलली नाही, माठातलं पाणी भरून दिलं.